पिळाची की दोन पिनांची

आमच्या जऊळक्याच्या घरात देवाजवळ जाताना चप्पल काढायची आणि विहिरीवरच्या मोटारीजवळ जाताना आठवणीनं घालायची, असे दोन नियम होते, आणि दोन्ही बाबांनी सारख्याच कडकपणे पाळायला लावले. वीज हा प्रकार त्यांना कधी पूर्ण पटला नाही. ती केव्हा येईल याचा नेम नसे. आली की ताटावरून उठून ते शेताकडे निघत, आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबण्याआधी क्षणभर थांबत. त्या थांबण्यात भीती होती की नमस्कार, हे मला तेव्हा कळायचं नाही. आता वाटतं, दोन्ही असावं. वायरीचं कोणतंही काम ते एकाच पद्धतीनं करत. तांब्याच्या तारा चाकूनं खरवडायच्या, एकमेकींत करकचून पिळायच्या आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. प्लग आणि पिना यांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "जे नुसतं खुपसलं ते निंगते," ते म्हणत, "पिळलेलं कवा सुटत नाई." आमचा टेबलफॅनसुद्धा बोर्डाच्या तारांना असाच कायमचा पिळून टाकलेला होता. त्यामुळे तो जागचा हलवता येत नसे आणि उन्हाळ्यात सगळं घर फॅन असेल तिथं जाऊन बसे. माय तिथंच तुरी निवडायची, मी तिथंच अभ्यास करायची, आणि बाहेरून मालगाडी गेली की फॅन आणि भिंत दोन्ही थरथरायचे.

अकरावीला मी वाशीमच्या कॉलेजात जाऊ लागले. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं यायचं. मायनं बांधून दिलेली कळण्याची भाकर, जवसाची चटणी आणि कांदा दप्तरात असे, आणि दुपारपर्यंत सगळ्या वह्यांना चटणीचा वास लागे. आमचे खेळाचे शिक्षक इंगोले सर कुठल्याशा शिबिराला जाऊन तलवारबाजी शिकून आले होते आणि परत आल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. कबड्डीच्या मुलींतून त्यांनी लांब हातांच्या निवडल्या. त्यात मी होते आणि शिरपूरची रजनी होती. रजनीच्या घरीही शेतीच. ती एसटीनं यायची आणि उशीर झाला की धावत यायची, म्हणून तिचे पाय आमच्या सगळ्यांपेक्षा तयार होते. सुरुवातीला आमचा खेळ साध्या तलवारींनी चाले. पातं लवचीक, टोकाला रबर, हाताच्या पुढं संरक्षणाला एक धातूची वाटी. टोक लागलं की नाही हे चार बाजूंना उभ्या केलेल्या चार मुली सांगत. चौघींची चार मतं असत. ज्या मुलीशी आपलं भांडण आहे ती आपल्या बाजूला उभी असली की तो डाव गेलाच म्हणून समजा.

मग ती पेटी आली. मोठ्या शहरातल्या एका क्लबानं नवीन सामान घेतलं आणि जुनं आम्हाला देऊन टाकलं. वर लाल, हिरवा आणि दोन पांढरे असे दिवे असलेली एक पेटी, आपोआप गुंडाळली जाणारी वायरीची दोन चाकं, धातूच्या धाग्यानं विणलेली दोन चंदेरी जॅकेटं आणि टोकाला बारीकसं बटण असलेल्या विजेच्या तलवारी. सरांनी हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या, मला एका टोकाला उभं केलं, रजनीला दुसऱ्या. तलवारीच्या वाटीच्या आत एक जोड असतो. त्यात वायर बसवायची, ती बाहीतून पाठीमागं न्यायची आणि चाकाच्या वायरीला जोडायची. सर म्हणाले, "लाव." मी एक पाऊल टाकून रजनीच्या छातीला टोक लावलं, आणि पेटीवर माझा दिवा पेटला. हिरवा. त्याबरोबर लांब एक घंटी. मी तशीच हात पुढं करून उभी राहिले. माझ्या हातात जे घडलं ते तिकडं, दहा पावलांवर, कोणालाही न विचारता कळलं होतं. चार मुलींची गरज नव्हती, कोणाच्या ओळखीची गरज नव्हती. मला एकदम रडू आलं आणि रजनी हसायला लागली, कारण तिला वाटलं मला शॉक बसला. आज इतकी वर्षं झाली, हजारो वेळा तो दिवा पेटताना पाहिला. पण कोणी नवी मुलगी पहिल्यांदा टोक लावते तेव्हा मी पेटीकडं न बघता तिच्या चेहऱ्याकडं बघते. तो चेहरा बघायला मिळावा म्हणूनच मी तलवारबाजी शिकवायची ही नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल.

सरांनी पुढं समजावून सांगितलं ते तर मला त्याहून अचाट वाटलं. या तलवारीत वीज सतत फिरत असते. टोक दाबलं गेलं की ती तुटते, आणि तुटल्याची खबर पेटीला जाते. समोरचीच्या चंदेरी जॅकेटावर टोक असेल तर रंगीत दिवा, दुसरीकडं कुठं असेल तर पांढरा. म्हणून कुठंही जोड ढिला झाला, वायर तुटली, तर पेटीला वाटतं की टोक दाबलं गेलं, आणि पांढरा दिवा पेटूनच राहतो. सगळा खेळ त्या वाटीतल्या जोडावर. आणि इथंच आमची पंचाईत होती, कारण आलेल्या तलवारींत जोड दोन जातींचे निघाले. एकात दोन पिना, एक जाड आणि एक बारीक, वरून एक खिट्टी पडते आणि प्लग धरून ठेवते. दुसरा गोल, एकाच पिनेचा. तो आत घालून पीळ दिला की दोन कान आत अडकतात आणि टक्‌ असा आवाज येतो. एकाची वायर दुसऱ्यात जात नाही. निम्म्या तलवारी, निम्म्या वायरी, आणि ऐन वेळी हातात नेमकी उलटी जोडी.

दसऱ्यानंतर वाशीमलाच निवड चाचणी होती. तिथून एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती. नियम असा की प्रत्येकीजवळ चालू स्थितीतल्या दोन तलवारी आणि दोन वायरी हव्यात. एक बंद पडली तर पिवळं कार्ड, दुसरीही बंद पडली तर लाल कार्ड आणि समोरचीला एक गुण फुकट. तिसरी नसेल तर तुम्ही घरी. सरांनी सांगितलं की जिंकण्यासारख्या तुम्ही दोघीच आहात, तेव्हा जुने जोड काढून, अदलाबदल करून, एकीला एका जातीचा आणि दुसरीला दुसऱ्या जातीचा असे दोन पूर्ण संच करून देतो. कोणाला काय हवं ते ठरवा. एकदा बसवले की पुन्हा काढणार नाही, त्यांच्या स्क्रूचे आटे आधीच गेलेत.

आठवडाभर आम्ही दोघी तेच करत होतो. प्लग लावायचा, काढायचा, ओढून बघायचा, डोळे मिटून लावायचा. मला पिळाच्या जोडानं वेड लावलं. तो टक्‌ आवाज आला की मनातलं काहीतरी जागच्या जागी बसे.

"पिळलेलं सुटत नाई," मी बाबांचं वाक्य रजनीला ऐकवलं.

"अवं पण ते एका पायावर उभं हाय," रजनी म्हणाली. "दोन पायावर उभं राह्यते त्याच्यावर माहा भरोसा. अन् पिन ढिली झाली तं चाकूनं जराशी फाकवता येते. तुह्या पिळाच्या पोटात काय बिघडलं हे कोनाले दिसन?"

"बिघडलंच नाई तं पाह्याचं कायले?"

"बरं बाप्पा. मंग घे तूच."

अशी मी पिळाची घेतली, तिनं दोन पिनांची. भांडण झालं नाही. दोघींनाही दुसरीची फसगत झाली असंच वाटत होतं. आता मुली मोबाइलवर बोट फिरवून वायरी मागवतात, पारदर्शक प्लास्टिकचे प्लग येतात, आतला प्रत्येक धागा दिसतो. काही ठिकाणी तर वायरच नसते. मला विचारतात, मॅडम, कोणता घेऊ? मी सांगते, दोन्ही हातात धरून बघ आणि मला विचारू नको. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

सणाला सरांनी दोन्ही संच जिच्या तिच्या घरी नेऊ दिले. घरी पेटी नव्हती, त्यामुळे त्या तलवारी म्हणजे मुक्या वस्तू. पण बाबांना दाखवायच्या होत्या. मी त्यांना ओसरीवर बसवून सगळं सांगितलं: वीज कशी येते, कुठून जाते, दिवा कसा पेटतो. बाबांनी प्लग लावून पिळून पाहिला, टक्‌ आवाज आला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू त्यांचीच पद्धत कोणी परदेशात नेऊन सुधारून परत पाठवली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून पाटावर मांडतात: विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास, बाबांचा पाना आणि पक्कड, मायची विळी. सोयाबीन सोंगायचं अर्धं राहिलेलं असे, तरी त्या दिवशी विळ्याला हात लावायचा नाही. हत्यारांनाही विसावा हवा. मी बाजूला उभी होते. बाबा आत गेले, माझ्या दोन्ही तलवारी घेऊन आले आणि वखराच्या पासेशेजारी आडव्या ठेवल्या.

त्याआधी बाबांनी या खेळाला कधी नावही ठेवलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. पोरीचं काहीतरी कॉलेजातलं, एवढंच. आणि आता ती वस्तू पाटावर होती, ज्यांच्यावर आमचं घर चालतं त्यांच्या रांगेत. बाबांनी विळ्याच्या धारेला कुंकू लावलं, कुऱ्हाडीच्या पात्याला लावलं, आणि तलवारीपाशी येऊन थांबले.

"इचा जीव कुठी हाय म्हणलं होतं तुनं?"

मी वाटीच्या आतला जोड दाखवला. "इथी. सारी वीज इथून जाते."

"मंग कुंकू बी इथीच," बाबा म्हणाले. तेलाचं बोट, मग ओलं कुंकू, हळद, अक्षता. दोन्ही तलवारींना. मायनं झेंडूची फुलं वाहिली आणि म्हणाली, "पोट्टीले यश दे व बाई," आणि ते नक्की कोणाला म्हणाली हे मला कळलं नाही, बहुधा तलवारीलाच. त्या दिवशी पुरणपोळी आणि कढी होती. मी पाच पोळ्या खाल्ल्या. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नसतं, म्हणून मी उचललं नाही. चाचणीच्या दिवशी पहाटे पाटावरून दोन्ही तलवारी उचलल्या, फडक्यानं वरून पुसल्या आणि पॅसेंजर गाठली. बाबा सोबत होते. धुतलेलं धोतर, टोपी. मोटारीचं पाणी कोणाला तरी सोपवून ते पहिल्यांदाच माझा खेळ बघायला निघाले होते.

पंच बाहेरगावचे होते. सकाळच्या फेऱ्यांमध्ये मी सरांकडं उरलेल्या सरावाच्या एका तलवारीनं खेळले, कारण माझा चांगला संच शेवटच्या लढतीसाठी राखून ठेवायचा असं मीच ठरवलं होतं. अपेक्षेप्रमाणे शेवटी मी आणि रजनी उरलो. पाच गुणांची लढत. मी राखलेली तलवार काढली, प्लग आत घातला, पिळला. टक्‌ आवाज आला नाही, पण प्लग बसल्यासारखा वाटला, आणि पंचांनी टोक दाबून पाहिलं तेव्हा दिवाही बरोबर लागला. पहिला गुण मी घेतला. दुसरा तिनं. मग मी जोरात झेप घेतली, आणि टोक हवेत असतानाच पांढरा दिवा पेटला आणि पेटूनच राहिला. पंचांनी लढत थांबवली, वायर धरून हलकेच ओढली. प्लग त्यांच्या हातात आला. पिवळं कार्ड.

मी दुसरी तलवार घेतली. ती लावताना बोटांना घाम होता. दोन गुण झाले, एक माझा, एक तिचा, आणि तिसऱ्या झटापटीत पुन्हा तोच पांढरा दिवा, तीच लांब घंटी. लाल कार्ड. रजनीचे तीन, माझे दोन. पंचांनी वाटी खिडकीच्या उजेडात धरली, खिशातून सुई काढून जोडात खुपसली, आणि सुईच्या टोकावर लालसर ओलं काहीतरी आलं. त्यांनी दचकून माझ्या हाताकडं पाहिलं.

"हे काय, रक्त आहे का?"

बाकावरून बाबा उठले. "कुंकू हाय साहेब," ते म्हणाले. आणि तेवढं म्हणताना त्यांना सगळं समजलं, ते मी पाहिलं. त्यांचा हात अजून पुढं होता आणि तोंड उघडंच राहिलं. "मीच लावलं हो," ते हळू म्हणाले. कोणी हसलं नाही. पंच चांगला माणूस होता. त्यांनी सुईनं अजून थोडं उकरलं, पण तेलात मिसळलेलं कुंकू आणि तांदळाचा एक कण तळाशी असा घट्ट बसला होता की प्लगचे कान अडकायला जागाच उरली नव्हती. सरांच्या सरावाच्या तलवारीचं टोक दुपारीच गेलं होतं. "तिसरं शस्त्र?" पंचांनी विचारलं. सरांनी मान हलवली. मला बाबांकडं बघवेना. हरल्याचं दुःख व्हायला अजून वेळ होता. मला एवढंच वाटत होतं की ते आता ही वस्तू पुन्हा कधी पाटावर ठेवणार नाहीत, आणि ते मला सहन होणार नाही.

तेव्हा रजनी खेळायच्या पट्टीच्या त्या टोकावरून मास्क वर करून चालत आली. बाजूला ठेवलेली तिची दुसरी तलवार आणि दुसरी वायर तिनं उचलली आणि माझ्यापुढं धरली.

पंच म्हणाले, "बेटा, द्यायलाच पाहिजे असा नियम नाही. तुझी बंद पडली तर तुझ्याजवळ काही उरणार नाही."

"समजलं साहेब," रजनी म्हणाली. "पन मले इले हरवाचं हाय. कुंकवाले हरवून काय करू?"

तीन-दोननं ती पुढं होती. तिनं फक्त गप्प उभं राहायचं होतं, आणि राज्य स्पर्धा तिची होती. तिच्या घरीही माझ्या घराइतकीच वाट बघणारी माणसं असतील. वीज दहा पावलांवरून हाताची गोष्ट ओळखते याचं मला केवढं नवल वाटलं होतं. पण त्या क्षणी माझ्यासमोर त्याहून मोठं काहीतरी उभं होतं, घामानं भिजलेलं, केस कपाळाला चिकटलेलं. या वयातही मला माणसाच्या चांगुलपणानं असं स्तब्ध केलेलं फार थोड्या वेळा आठवतं.

तिच्या तलवारीची मूठ मला जाड होती, तोल पुढं होता. मी चौथा गुण दिला, मग दोन ओळीनं घेतले. चार-चार. त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तिचे पाय फरशीवर आपटले, ती आली, खरोखर मला हरवायलाच आली, तिनं काहीही हातचं राखलं नव्हतं. मी तिचं पातं बाजूला सारलं आणि हात लांब केला. घंटी वाजली. एकच दिवा होता, हिरवा.

मास्क काढला तेव्हा रजनी रडत होती. लपवतही नव्हती. तिनं रिवाजाप्रमाणे डावा हात पुढं केला, मी तो धरला आणि मला सोडता येईना. बाबा उठून आमच्यापर्यंत आले होते; त्यांनी रजनीला हात जोडले, आणि ती ओशाळून म्हणाली, "असं नोका करू, काका." मग तिनं माझं मनगट ओढून आपल्या हातात घेतलं, वाटी वर केली आणि नाक ओढत मला दाखवू लागली.

"हे पाह्य. आता राज्य स्पर्धेले हे दोनही तूच नेजो, सर देतीनच. तुले याची सवय नाई म्हनून सांगून राह्यली. जाड पिन इकडून. मंग खिट्टी, अशी, आवाज येत नाई हिचा, बोटानं दाबून पाह्याचं." तिचे अश्रू वाटीवर पडत होते आणि ती ते बाहीनं पुसत होती, कारण जोडात पाणी जायला नको. "अन् दर खेपीले ओढून पाहात जाय. तिथी पंच कडक राह्यतीन. ओढ ना आता."

मी ओढलं.

"जोरानं ओढ," रजनी म्हणाली.